अनपेक्षित पिल्ले

खजराना म्हटले की इंदूरच्या माणसाला प्रथम गणपती आठवतो. बुधवारी मंदिराकडे लागलेली रीघ, प्रसादाच्या लाडवांच्या राशी, हारवाल्यांच्या आरोळ्या, आणि थोड्याच अंतरावर नाहरशाह वलींचा दर्गा. एकेकाळी शहराबाहेर असलेले हे गाव शहराने केव्हाच आपल्या पोटात घेतले आहे. श्रोत्यांनी क्षणभर अशी कल्पना करावी की, ह्या वस्तीतील एका घराच्या वरच्या मजल्यावर एक पेटी ठेवलेली आहे. पेटीत ओलसर खनिज चुऱ्याचा थर, त्यावर कोंबडीच्या अंड्यांहून मोठी, लांबट, चामड्यासारख्या कवचाची सहा अंडी, आणि शेजारी उष्णतामापक. पारा एकतीस-बत्तीस अंशांच्या आसपास राहावा म्हणून घरधनी रात्रीतून दोनदा उठून पाहतो. असे दोन महिने लोटतात. मग एके सकाळी एका अंड्याला आतून चीर पडते आणि तीतून एक इवलेसे नाक बाहेर येते.

पिल्ले घाई करीत नाहीत. नाक बाहेर काढून ती एक-दीड दिवस तशीच बसून राहतात. पहिली चार बाहेर आली ती आईबापांसारखीच, काळपट अंगावर तपकिरी ठिपके असलेली. पाचवे आले ते मात्र शुभ्र. अंगावर हळदीच्या रंगाचे पट्टे, आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. सहावेही तसेच. आईबाप दोघेही तपकिरी. गेल्या वर्षी ह्याच जोडीची पाच पिल्ले झाली, तीही पाचही तपकिरी. मग ही दोन कोठून आली?

अशा वेळी माणसाचे मन प्रथम कारणाकडे वळत नाही, ते आरोपीकडे वळते. घरातला एकजण म्हणतो, विकणाऱ्याने जोडी देताना काही लपविले. शेजारी म्हणतो, अंडी बदलली गेली असतील. आणि तिसरा कोणी हसत हसत मादीच्या चारित्र्यावर बोट ठेवतो. विकणारा, शेजारधर्म आणि आई अशा तिघांवर फिर्याद दाखल होते, आणि साक्षीदार म्हणून ती सहा पिल्ले पेटीत पडून असतात. त्यांची साक्ष घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक अशा प्रकरणात त्यांच्यासारखा विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. प्रश्न विचारण्याची रीत मात्र ठाऊक असावी लागते.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. हा साप आपल्याकडचा नव्हे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा गवताळ मुलूख हे त्याचे माहेर. घाना, टोगो, बेनिन ह्या देशांतून तो जगभर नेला जातो. इंग्रजीत त्याला बॉल पायथन म्हणतात, कारण भ्याला की तो डोके मध्ये लपवून अंगाची चेंडूसारखी गुंडाळी करतो. आपण त्याला चेंडू-अजगर म्हणू. लांबी तीन ते पाच फूट, विष नाही, स्वभाव भिडस्त. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. आपल्या रानातील अजगराची मादी तशीच बसते, शिवाय अंगाचे स्नायू थरथरवून अंड्यांना ऊबही देते. ही आफ्रिकेतील चुलत बहीण तेवढे कष्ट घेत नाही. आपल्याकडचा अजगर घरी ठेवणे हा गुन्हा आहे, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे. परदेशी चेंडू-अजगर ठेवणाऱ्यावरही आता बंधने आहेत. 2022 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली, आणि 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असणाऱ्याने त्याची नोंदणी करावयाची असते. त्याचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतर हेही कळवावयाचे असते. तेव्हा खजरान्यातील त्या घरधन्यापुढे केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. ही पिल्ले कोणाची आणि कोणत्या जातकुळीची हे त्याला कागदावर लिहावयाचे आहे, आणि पुढे कोणाला द्यावयाची झाली तर घेणाऱ्याला सांगावयाचे आहे.

ह्या साक्षीची भाषा प्रथम समजली ती एका धर्मगुरूला. ब्रनो शहराच्या मठातील ग्रेगोर मेंडेल हे शाळेत निसर्गविज्ञान शिकवीत. मात्र शिक्षकाच्या अधिकृत परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले होते. 1856 ते 1863 पर्यंत त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो झाडे वाढविली आणि दाणे मोजले. गोल दाण्याचे झाड आणि सुरकुतलेल्या दाण्याचे झाड ह्यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघत. सुरकुती जणू नाहीशी झाली. पण त्या गोल दाण्यांची झाडे आपापल्यातच फळू दिली की पुढच्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक, असे दाणे मिळाले. सुरकुती नाहीशी झाली नव्हती, ती लपली होती. मेंडेलने 1865 साली हे विद्वानांच्या सभेत वाचून दाखविले. जगाने त्याचे महत्त्व ओळखले ते 1900 साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

सांगावयाचे ते एवढेच. प्रत्येक गुणासाठी जीवाजवळ दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. ह्या चिठ्ठ्यांना आपण जनुके म्हणतो. काही चिठ्ठ्या मोठ्याने बोलतात, काही मुक्या असतात. मुकी चिठ्ठी मोठ्याने बोलणाऱ्या चिठ्ठीबरोबर आली तर तिचा आवाज ऐकू येत नाही. दोन्ही मुक्या आल्या तरच तो गुण प्रकट होतो. जो जीव एक मुकी चिठ्ठी बाळगून असतो पण अंगावर दाखवीत नाही, त्याला वाहक म्हणावे. वाहक पाहून ओळखता येत नाही. त्याची ओळख त्याची संतती करून देते.

ह्याचे आपल्या प्रांतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सापाचे नसून वाघाचे आहे. इंदूरच्या मुलांनी नवलख्याजवळच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात पांढरा वाघ पाहिलेला असतो. त्याच्या घराण्याची हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. 27 मे 1951 रोजी रेवा संस्थानच्या बरगडीच्या जंगलात महाराज मार्तंडसिंहांनी एक पांढरा बछडा जिवंत पकडविला. त्याचे नाव मोहन. गोविंदगडच्या राजवाड्यात तो वाढला. वयात आल्यावर त्याला बेगम नावाची एक पिवळी वाघीण मिळवून देण्यात आली, आणि पांढरे बछडे केव्हा होतात ह्याची दरबार वाट पाहू लागला. बेगमला तीन वेतांत मिळून दहा बछडे झाले. दहाही पिवळे. पांढरेपण मोहनबरोबरच संपणार, असे तेव्हा कित्येकांना वाटले असल्यास नवल नाही.

पण त्या दहा बछड्यांची साक्ष घेऊन पाहा. मोहन पांढरा, म्हणजे त्याच्या दोन्ही चिठ्ठ्या मुक्या. प्रत्येक बछड्याला त्याच्याकडून मुकी चिठ्ठीच मिळणार. बेगम जर वाहक असती तर दर बछड्यामागे पांढरा होण्याचा संभव अर्धा. नाणे दहा वेळा उडवावे आणि दहाही वेळा एकच बाजू पडावी असा योग हजारात एखादा, नेमके सांगावयाचे तर 1024 त एक. तेव्हा बेगम वाहक नव्हती, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. आणि दुसरी गोष्ट तर पूर्ण खात्रीची: ते दहाही पिवळे बछडे वाहक होते. दिसावयास इतर वाघांसारखे, पण प्रत्येकाच्या पोटी बापाची ती मुकी चिठ्ठी.

त्यांतील राधा नावाच्या मुलीची जोडी पुढे मोहनशीच लावण्यात आली. माणसाच्या घरात जे ऐकवणार नाही ते पिंजऱ्यात घडविले गेले. 30 ऑक्टोबर 1958 रोजी राधेला चार बछडे झाले, आणि चारही पांढरे. राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी अशी त्यांची नावे. ह्या वेळी प्रत्येक बछड्याला पांढरेपणाचा संभव अर्धा होता; चारही पांढरे निघावेत हा योग सोळांत एक. म्हणजे बेगमच्या वेळी निराशा झाली ती दैवाने नव्हे, हिशेबाने. आणि राधेच्या वेळी आनंद झाला तो मात्र थोडा दैवाचाही. लोकांनी दोन्हीचा अर्थ उलटा लावला असेल. मोहिनी 1960 च्या डिसेंबरात अमेरिकेत गेली आणि वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनी तिचे स्वागत केले. आज मुकुंदपूर येथे पांढऱ्या वाघांसाठी राखलेले उद्यान आहे, ते 2016 साली उघडले.

आता पुन्हा खजरान्याला येऊ. तेथे आईबाप दोघेही तपकिरी आणि पिल्लांत दोन शुभ्र. शुभ्र पिल्लाजवळ दोन मुक्या चिठ्ठ्या हव्यात. एक आईने दिली, एक बापाने. म्हणजे दोघेही वाहक. एकच शुभ्र पिल्लू निघाले असते तरी हा निर्णय तोच झाला असता. दोन वाहकांच्या पिल्लांत सरासरीने चारात एक शुभ्र. सहांत दोन हे त्या सरासरीच्या अगदी जवळचे. आणि गेल्या वर्षी पाचांत एकही का नाही? पाचही पिल्ले तपकिरी निघण्याचा संभव शेकडा तेवीस-चोवीस, म्हणजे जवळजवळ चारात एक. ही काही अघटित गोष्ट नव्हे. चारात एक म्हणजे दर चौथे, अशी पुष्कळांची समजूत असते. शाळेत गणित शिकविताना ती वारंवार दुरुस्त करावी लागते आणि तरी ती परत येते. प्रत्येक अंड्यात सोडत नव्याने निघते. मागच्या अंड्यात काय झाले ह्याची पुढच्या अंड्याला खबर नसते.

मादीवरील आरोपाचा निकालही आता लावता येईल. साप नराचे बीज पोटात दीर्घकाळ राखून ठेवू शकतात, ही गोष्ट खरी आहे. त्यामुळे मोठी झालेली मादी दुसऱ्या घरून आणली असेल, तर पिल्लांचा बाप घरातला नर आहेच असे धरून चालता येत नाही. पण आपल्या कल्पनेतील ही दोघे पिल्लू असतानाच ह्या घरी आली आणि येथेच वाढली. तेव्हा परक्या नराची कथा गळून पडते. राहिली आणखी एक विलक्षण शक्यता. काही मादी अजगर नराशिवायही अंडी घालतात आणि त्यांतून जिवंत पिल्ले येऊ शकतात. अमेरिकेत सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात 2020 साली, अदमासे बासष्ट वर्षे वयाच्या एका चेंडू-अजगर मादीने सात अंडी घातली. तेव्हा निदान पंधरा वर्षे ती नराच्या जवळ गेलेली नव्हती. एकट्या वाहक मातेच्या अशा पिल्लांतही लपलेला गुण उघड होऊ शकतो. पण अजगरांत एकट्या आईची पिल्ले सारी मादीच असतात. खजरान्यातील दोन शुभ्र पिल्लांपैकी एक जरी नर निघाले तरी त्याला बाप आहे हे सिद्ध झाले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. हाच हिशेब माणसांच्या घरातही चालतो, आणि तेथे आरोपाची किंमत फार मोठी असते. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी ह्या इंदूरच्या शेजारच्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजात, तसेच आपल्या नंदुरबारात आणि विदर्भात, सिकल सेल हा रक्ताचा रोग आढळतो. निरोगी आईबापांच्या पोटी आजारी मूल जन्माला येते आणि दोष बहुधा सुनेच्या पदरी बांधला जातो. दोघेही वाहक असल्यावाचून असे मूल होत नाही, एवढे एक वाक्य त्या घरात वेळेवर पोहोचले तर केवढा फरक पडेल! 1 जुलै 2023 रोजी आपल्या प्रांतातील शहडोल येथून ह्या रोगाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीत रक्ततपासणी करून वाहकांना तसे सांगण्यावर भर आहे.

सापांकडे परतावे तर त्यांच्यातील गुंतागुंत ह्याहून अधिक आहे. पाळणाऱ्यांनी चेंडू-अजगराचे रंगभेद शेकड्यांनी निपजविले आहेत आणि त्यांना बनाना, पेस्टल, कँडी, टॉफी अशी नावे दिली आहेत. यादी वाचताना मिठाईच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटते. सर्वच गुण मुके नसतात. काहींची एक चिठ्ठी आली तर रंग थोडा बदलतो, दोन आल्या तर फार बदलतो; पेस्टल हा त्यांतला. असे पिल्लू अनपेक्षित निघाले तर आईबापांपैकी एकाच्या अंगावर त्याची पुसट खूण असतेच, फक्त ती पाहणाऱ्याच्या लक्षात आलेली नसते. म्हणून जुने पाळणारे पिल्लाकडे पाहण्याआधी आईबापांना उजेडात आणून पुन्हा न्याहाळतात. ही सवय चांगली.

सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार मात्र उलटा आहे. दोन शुभ्र सापांची जोडी लावावी आणि सारी पिल्ले तपकिरी निघावीत! येथे तर फसवणुकीचा संशय हमखास येतो. पण शुभ्रपणाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. काळा रंग तयार होण्यास शरीरात क्रमाने पुष्कळ कामे व्हावी लागतात. त्यांतील कोणतेही एक अडले तरी रंग अडतो. एका सापात एक काम अडलेले, दुसऱ्यात दुसरेच. पिल्लाला प्रत्येक कामाची एकेक धड चिठ्ठी कोणाकडून तरी मिळते आणि रंग पुन्हा अवतरतो. साधा पांढरा चेंडू-अजगर आणि फिकट जांभळी छटा असलेला दुसरा पांढरा ह्यांच्या बाबतीत पाळणाऱ्यांनी हे प्रथम पिल्ले मोजून ओळखले. अमेरिकेत मिशिगनमधील एका विद्यापीठातील संशोधकांनी पाळणाऱ्यांकडून टाकलेल्या काती टपालाने मागविल्या, त्यांतील जनुके तपासली, आणि दोन्ही पांढऱ्यांचा दोष दोन निराळ्या जनुकांत असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध केले. सापाला न दुखविता, त्याने स्वतः टाकून दिलेल्या कातीवरून त्याची वंशकथा वाचावयाची ही युक्ती मोठी सुरेख आहे. आता परदेशांत अशी कात पाठवून वाहकाची परीक्षा करून घेण्याची सोयही झाली आहे.

बनाना नावाच्या पिवळ्या चेंडू-अजगराने तर पाठ्यपुस्तक दुरुस्त करावयास लावले. सर्पांत पक्ष्यांप्रमाणे पिल्लाचे लिंग आईच्या गुणसूत्रावरून ठरते, असे कित्येक दशके शिकविले जात होते. पाळणाऱ्यांच्या वह्यांत मात्र काही निराळेच दिसे. ज्या बनाना नराला हा रंग बापाकडून मिळालेला असे, त्याची बनाना पिल्ले जवळजवळ सारी नर निघत. आणि ज्याला तो आईकडून मिळालेला असे, त्याची बनाना पिल्ले बहुतेक माद्या. हा योगायोग असता तर चार-दोन वर्षांत विरून गेला असता. तो विरला नाही. ह्याचा अर्थ रंगाची चिठ्ठी लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेली असून, माणसाप्रमाणे ह्या जातीतही लिंग बापाकडून ठरते. 2017 साली शास्त्रज्ञांनी बोआ आणि अजगर ह्या दोन्ही कुळांतील एकेका जातीच्या बाबतीत हे सिद्ध केले. ज्यांनी वर्षानुवर्षे आपल्या वहीत पिल्लांच्या नोंदी खऱ्या ठेवल्या, त्या अनामिक पाळणाऱ्यांचा ह्यात वाटा आहे. पिल्ले कमी झाली म्हणून लाजेने संख्या वाढविणारे आणि रंग विकला जावा म्हणून नाव बदलणारे त्यांच्यात अधिक असते, तर ही गोष्ट उघडकीस आलीच नसती.

मात्र ह्या छंदाची एक बाजू अशी आहे की जिच्याविषयी गोड बोलणे शक्य नाही. स्पायडर नावाचा एक रंगभेद आहे. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी. तो देखणा साप मान सरळ धरू शकत नाही. डोके डुलते, कधी उताणे होते, भक्ष्यावर मारलेली झडप चुकते. त्याच्या कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयवच विकृत घडलेला असतो, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसून आले. नक्षी आणि व्यंग एकाच चिठ्ठीत लिहिलेले आहेत. एक घेऊन दुसरे टाळता येत नाही. पांढऱ्या वाघाचेही असेच. त्याचा रंग ज्या एका जनुकातील बदलामुळे होतो तो 2013 साली सापडला; पण त्याच्या डोळ्यांच्या नसा मेंदूकडे चुकीच्या वाटेने जातात, म्हणून पुष्कळ पांढरे वाघ तिरळे असतात, हे 1973 सालीच उमगले होते. त्यावर बाप-मुलगी, भाऊ-बहीण अशा जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावल्या गेल्या, तेव्हा रंगाच्या मुक्या चिठ्ठीबरोबर इतरही मुक्या चिठ्ठ्या जोडीने एकत्र आल्या. एक गुण हवा म्हणून घरातल्या घरात जोड्या लावणारा माणूस, जे नको तेही त्याच हाताने वेचीत असतो.

आणि हीच गोष्ट खजरान्यातील त्या पेटीकडे पुन्हा पाहावयास लावते. हा शुभ्रपणाचा घटक निसर्गात विरळ. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे दोन तपकिरी साप सहज आणावेत आणि दोघेही त्याचे वाहक निघावेत, हे अशक्य नसले तरी घडण्याजोगे थोडेच. अधिक संभव असा की, दोघे एकाच घरचे, बहुधा एकाच आईबापांचे. विकणाऱ्याला ते ठाऊक असेल किंवा नसेलही. त्याने लबाडी केली म्हणावे, तर बाजारात वाहकाला साध्या सापाहून अधिक मोल येते. ठाऊक असते तर तो ते मोल सोडता ना. फसवणूक झालीच असेल तर त्याची स्वतःचीच.

पण विकणाऱ्यावर रागावलेल्या घरधन्याने आपल्या गेल्या वर्षीच्या वहीत डोकावून पाहावे. दोन वाहकांच्या तपकिरी पिल्लांपैकी प्रत्येक पिल्लू वाहक असण्याचा संभव तीनात दोन असतो. ह्या वर्षीची चार आणि गेल्या वर्षीची पाच मिळून नऊ तपकिरी पिल्ले झाली; त्यांतली सुमारे सहा वाहक असावीत. गेल्या वर्षीची पाच त्याने 'साधी' म्हणून दिली. त्यानेही खोटे सांगितले नाही, आणि त्याचेही सांगणे खरे नव्हते. त्याच्या अंगणातून निघालेला प्रश्न आता दुसऱ्यांच्या पेट्यांत जाऊन बसला आहे.

आता त्याने काय करावे? चार तपकिरींतील वाहक कोणते हे पाहून कळणार नाही. जुना मार्ग असा की, प्रत्येक मोठे झाल्यावर त्याची जोडी शुभ्र सापाशी लावावी. वाहक असेल तर पिल्लांत निम्मी शुभ्र. सात-आठ पिल्ले झाली आणि सारी तपकिरी निघाली, तर वाहक नाही असे मानण्यास हरकत नसते. पण मादी वयात येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात, आणि केवळ शंका फेडण्यासाठी आणखी पिल्ले जन्मास घालणे हे फारसे शहाणपणाचे नव्हे. कातीची परीक्षा त्याहून बरी. तीही न जमल्यास जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. सहा पिल्ले. दोन रंगहीन. चार तपकिरी, प्रत्येक वाहक असण्याचा संभव तीनात दोन. आईबाप दोघेही वाहक, बहुधा परस्परांची भावंडे. ही जोडी पुन्हा लावू नये. एवढ्या ओळी वहीत आणि घेणाऱ्याच्या हाती दिलेल्या कागदावर सारख्याच शब्दांत असल्या म्हणजे पुरे.

नंतर गेल्या वर्षी ज्यांनी पिल्ले नेली त्यांना कळवावे. हस्तांतराची नोंद रीतसर झालेली असेल तर पत्ते सापडण्यास अडचण पडू नये. पाचांपैकी तीन निरनिराळ्या घरी गेली, त्यांना सवडीने कळविले तरी चालेल. दोन मात्र, एक नर आणि एक मादी, एकाच घरी जोडी म्हणून दिली गेली आहेत. ते पत्र आजच टपालात पडले पाहिजे.